क्रॉलर एका अंगावर झुकतो, शॉक अडकतात, तेल गळतं: तपासणी कुठून सुरू करायची

हे सगळं १/१० स्केलच्या, सॉलिड ॲक्सलवाल्या (डावं-उजवं चाक एकाच अखंड ॲक्सलवर) रॉक क्रॉलरबद्दल, म्हणजे दगडांवर हळू चढणाऱ्या रिमोटच्या गाडीबद्दल आहे. ट्रॅक्ससची टीआरएक्स-४, ॲक्सियलची एससीएक्स-१० किंवा त्याच घडणीची कुठलीही गाडी. १/२४ च्या छोट्या गाड्यांना तत्त्व तेच, मापं मात्र वेगळी.

लक्षणं

- सपाट लादीवर उभ्या गाडीचा एक कोपरा ४-५ मिमी खाली असतो. दाबून सोडली की दर वेळी वेगळ्याच उंचीवर थांबते.
- थ्रॉटल दिला की बॉडी एका बाजूला कलते, सोडला की सरळ होते.
- आडव्या उतारावर बाकीच्या गाड्या निघून जातात, तुमची लोळते.
- पुढचं एक चाक दगडावर चढलं की मागचं तिरक्या कोपऱ्यातलं चाक हवेत लटकतं.
- शॉकच्या शाफ्टवर तेल आणि त्यावर धुळीचा काळा थर. पुसला तरी पंधरा दिवसांत परत तसाच.
- नवी स्प्रिंग किंवा नवं तेल घातलं की दोन रविवार बरे जातात, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेवटचं लक्षण सगळ्यात बोलकं आहे. दुरुस्ती टिकत नाही याचा अर्थ दुरुस्ती चुकीच्या जागी झाली. अशा गाडीचा मालक पुढच्या महिन्यात रंगीत ॲल्युमिनियमचे शॉक मागवतो आणि तेही तसेच वागतात. घोडं बहुतेक वेळा शॉकच्या आत नाही, शॉकच्या टोकांशी आणि लिंकमध्ये (ॲक्सलला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्यांत) पेंड खात असतं. म्हणून खालचा क्रम पाळा. पहिल्या तीन तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

हत्यारं एवढीच: २ आणि २.५ मिमीचे हेक्स ड्रायव्हर, स्टीलची पट्टी (व्हर्नियर असेल तर उत्तम), किचनचा डिजिटल वजनकाटा, टिश्यू पेपर.

१. दाबा, सोडा, मोजा

गाडी बॅटरी आणि बॉडीसकट सपाट जागी ठेवा. चॅसी हाताने पूर्ण खाली दाबा आणि अगदी हळू सोडा. जिथे थांबेल तिथे जमिनीपासून चॅसीपर्यंतची उंची मोजा. आता चॅसी वर उचला, चाकं जमिनीवरच राहू द्या, आणि तशीच हळू सोडा. पुन्हा मोजा. चारही कोपऱ्यांना करा.

दोन आकड्यांतला फरक म्हणजे घर्षण, दुसरं काही नाही. स्प्रिंग कितीही मऊ किंवा कडक असली तरी मोकळी गाडी दोन्ही वेळा जवळजवळ त्याच उंचीवर येते. १-२ मिमी फरक चालतो. ४ मिमीच्या पुढे गेला तर काहीतरी जाम आहे, आणि ते सुटेपर्यंत स्प्रिंग, तेल, प्रीलोड (कॉलर फिरवून स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं) यांना हात लावू नका. जाम गाडीवर स्प्रिंग निवडणं म्हणजे गंजलेल्या काट्यावर सोनं तोलणं.

फरक कमी, पण गाडी तरीही कललेली? मग थेट तिसऱ्या तपासणीवर जा.

२. जाम कुठे आहे ते शोधा

चारही शॉकचे खालचे स्क्रू काढा आणि शॉक वर वळवून ठेवा. आता ॲक्सल फक्त लिंकवर लटकतो आहे. तो हाताने वर-खाली करा, मग एक बाजू वर आणि दुसरी खाली असा पिळा. स्वतःच्या वजनाने तो खाली पडला पाहिजे. मध्येच अडकला तर शॉक निर्दोष आहेत. मग हे बघा:

लिंकच्या दोन टोकांचे रॉड-एंड (बॉल बसतो ते डोळे) एकमेकांशी तिरके बसलेत का? लिंक हातात धरून फिरवा, दोन्ही बाजूंना सारखीच खेळली पाहिजे. एका बाजूला लगेच टेकत असेल तर एक टोक पाव फेरा फिरवून सरळ करा. नवी लिंक बसवताना ही चूक हमखास होते.

मोटरच्या वायरी, सर्व्होची वायर, आणि टीआरएक्स-४ मध्ये डिफ लॉकच्या केबली. ॲक्सल पूर्ण पिळल्यावर यातली एखादी ताणली जात असेल तर ती ॲक्सलला सस्पेन्शनसारखीच ओढते. केबल-टाय कापा, थोडी ढील ठेवून पुन्हा बांधा.

प्रोपेलर शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट शेवटच्या टोकाला अडकतो का? चाक हाताने फिरवत ॲक्सल खाली सोडा. खटखट आली आणि शॉक परत जोडल्यावरही येत राहिली, तर त्या कोपऱ्यात शॉक गरजेपेक्षा लांब आहे. हे पुढे उपयोगी पडेल, लिहून ठेवा.

ॲक्सल मोकळा निघाला तर आता शॉकची टोकं. खालच्या डोळ्यातला गोल बॉल बोटाने फिरवून बघा. तो सगळ्या दिशांना, तेलाशिवाय, बोटाच्या टोकाने फिरायला हवा. मुंबईत दोन गोष्टी इथे घोळ घालतात. बँडस्टँडच्या खडकांवर ओहोटीच्या वेळी चालवलेल्या गाडीत मीठ आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुरा बसतो, आणि पावसाळ्यात येऊर-खारघरकडची माती बॉलभोवती सुकून सिमेंटसारखी घट्ट होते. बॉल दाबून बाहेर काढा, गोड्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा, कोरडा करा, परत बसवा. ग्रीस लावू नका. लावलंत तर पुढच्या वेळी तीच माती दुप्पट चिकटेल.

दुसरी गोष्ट स्क्रूची. एम-३ स्क्रू करकचून आवळला की प्लास्टिकचा डोळा दोन बाजूंनी दाबला जातो आणि शॉक फिरायचा थांबतो. स्क्रू टेकेपर्यंत फिरवा, मग पाव फेरा मागे. तो सुटू नये म्हणून नायलॉन लॉकनट वापरा. निळं थ्रेडलॉक फक्त धातूवर, प्लास्टिकच्या डोळ्याजवळ नको, त्याने प्लास्टिकला तडे जातात.

३. वजन

किचनच्या काट्यावर एक चाक ठेवा. बाकीची तीन चाकं काट्याच्याच उंचीच्या वह्या-पुस्तकांवर. चारही कोपरे एकेक करून तोला. तयार गाडी साधारण अडीच ते साडेतीन किलोची असते. डाव्या आणि उजव्या बाजूच्या बेरजेत १०० ग्रॅमहून जास्त फरक असेल तर आधी बॅटरीकडे बघा. ती एकटीच १५०-२०० ग्रॅमची, तिला ट्रे थोडा सरकवून मध्यावर आणणं फुकटात होतं.

आणि छतावरचा तो कॅरियर. जेरी कॅन, स्पेअर टायर, एलईडी बार दिसायला झकास, पण चॅसीच्या वरचा प्रत्येक ग्रॅम आडव्या उतारावर तुमच्या विरुद्ध काम करतो. गाडी फक्त तिरप्या दगडावर लोळत असेल आणि सपाटीवर व्यवस्थित असेल, तर शॉक बदलण्याआधी कॅरियर काढून एकदा चालवून बघा. वजन वाढवायचंच असेल तर ते चाकाच्या रिममध्ये किंवा ब्रासच्या नकलमध्ये (पुढचं चाक वळवणारा सांधा), म्हणजे ॲक्सलच्या पातळीला किंवा खाली.

४. कलणं थ्रॉटलवर की उभ्या-उभ्या?

पुढची चाकं भिंतीला टेकवा. अगदी हळू थ्रॉटल द्या आणि मागून बघा. बॉडी एका बाजूला पिळली आणि थ्रॉटल सोडताच सरळ झाली, तर तो टॉर्क ट्विस्ट. मोटर प्रोपेलर शाफ्ट फिरवते तेव्हा चॅसीला उलटा पीळ बसतो आणि मऊ स्प्रिंगा तो रोखू शकत नाहीत. पोर्टल ॲक्सलच्या गाड्यांत हा त्रास कमी असतो, कारण चाकाजवळच गियरने ताकद वाढते आणि प्रोपेलर शाफ्टवर तितका पीळ लागत नाही.

जाड तेल घालून टॉर्क ट्विस्ट जातो असं ठामपणे सांगणारे बरेच भेटतील. जात नाही. तेल हालचालीचा वेग कमी करतं, ताकद अडवत नाही. हळू चढताना बॉडी थोड्या उशिरा पण तितकीच कलेल. उपाय स्प्रिंगमध्ये आहे: मागच्या ज्या बाजूला बॉडी दबते तिथल्या कॉलरचा प्रीलोड आधी १ मिमी, मग २ मिमी वाढवा. तेवढ्याने भागलं नाही तर त्याच कोपऱ्यात एक पायरी कडक स्प्रिंग. दोन्ही बाजूंना कडक घातलीत तर पीळ कमी होईल, पण चाकं दगडावर पसरायची थांबतील.

५. स्प्रिंग मोजून निवडा, रंगावरून नाही

एका कंपनीची पांढरी मऊ असते, दुसरीची कडक. स्प्रिंग काट्यावर उभी करा, आत बॉलपेनची नळी घाला म्हणजे ती वाकणार नाही, वरून पट्टीने बरोबर १० मिमी दाबा आणि ग्रॅम वाचा. त्या आकड्याला १० ने भागलं की स्प्रिंगचा दर मिळाला. एकाच पाकिटातल्या चार स्प्रिंगांत फरक निघतो, म्हणून जोड्या आकड्यांवरून लावा.

लागेल किती? समजा गाडी २८०० ग्रॅमची आहे आणि त्यातले ॲक्सल, चाकं वगैरे १३०० ग्रॅम. हे वजन स्प्रिंगच्या खाली आहे, ते मोजायचं नाही. उरले १५००, म्हणजे कोपऱ्याला ३७५. शॉकचा प्रवास २८ मिमी असेल आणि उभी असताना गाडी त्यातला साधारण ४० टक्के, म्हणजे ११ मिमी बसलेली हवी असेल, तर ३७५ भागिले ११: मिलिमीटरला ३४ ग्रॅम. सुरुवात या आकड्यापासून करा. बसण्याचं प्रमाण ३० ते ५० टक्के यात कुठेही चालतं. जास्त बसलेली गाडी आडव्या उतारावर टिकते, पण खालून दगड लागतात.

हे गणित शॉक उभा असेल तेव्हाचं. बहुतेक चॅसीत शॉक तिरका बसतो, आणि तिथे हिशोब पटकन बदलतो. चाकाला मिळणारा दर त्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाने घटतो. उभ्यापासून ३० अंश तिरका शॉक आपल्या स्प्रिंगच्या पाऊणपट काम करतो, ४५ अंश तिरका फक्त अर्धं. म्हणजे वरचं टोक टॉवरच्या (चॅसीवर शॉक टांगायचा खांब) एका भोकातून दुसऱ्या भोकात सरकवणं ही स्वस्तातली स्प्रिंग-बदली आहे. मऊ हवी असेल तर शॉक आणखी आडवा करा, कडक हवी असेल तर उभा. डावी-उजवी भोकं एकच आहेत ना, तेही याच वेळी बघून घ्या. एका बाजूला वरचं आणि दुसऱ्या बाजूला खालचं भोक, एवढ्याने वाकडी झालेली गाडी हमखास निघते.

गाडी खाली आणायला स्प्रिंग कापू नका. दहा कामाच्या वेढ्यांतले दोन कापले की उरलेली स्प्रिंग २५ टक्के कडक होते. शिवाय तार जराशी जाड घेतली तरी फरक प्रचंड: १.० मिमीच्या जागी १.१ मिमी तार म्हणजे बाकी सगळं सारखं असूनही दर जवळपास दीडपट. खाली आणायची असेल तर मऊ स्प्रिंग घाला. शॉक पूर्ण उघडायला नको असेल तर त्याच्या आत पिस्टनखाली लिमिटर टाका. इंधनाच्या सिलिकॉन नळीचा ३-४ मिमीचा तुकडा पुरतो. दुसऱ्या तपासणीत युनिव्हर्सल जॉइंट खटखटला होता त्या कोपऱ्यालाही हाच तुकडा.

६. गळती

शॉक गाडीतून काढा, स्प्रिंग उतरवा, पुसून कोरडा करा. अंगावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि वर्तमानपत्रावर आडवा ठेवून रात्रभर सोडा. सकाळी पावडर जिथे ओली तिथून गळती. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर फसगत होते, कारण टोपीतून निघालेलं तेल ओघळून शाफ्टशी जमतं आणि माणूस विनाकारण खालची ओ-रिंग बदलतो.

टोपीतून गळत असेल तर आतली रिंग चेपली आहे किंवा टोपी तिरकी बसली आहे. टेफ्लॉन टेपने फायदा नाही, तेल आट्यांनी नाही, रिंगने अडतं. टोपी हाताने घट्ट करा, पकडीने नाही.

खालून गळत असेल तर रिंग बदलण्याआधी तिच्यावर वेळ का आली ते बघा. शाफ्टवरून नख फिरवा. खारं पाणी लागलेल्या शाफ्टवर गंजाचे बारीक खड्डे पडतात, नखाला अडतात, आणि प्रत्येक फेरीत ओ-रिंग खरवडतात. पक्कडीने धरल्याच्या खुणाही तसंच करतात. असा शाफ्ट पॉलिश करून वेळ मारून नेता येते, पण दोनदा गळलेल्या शॉकला नवा शाफ्ट आणि नव्या रिंगा एकत्रच घाला. रिंगांच्या मापासाठी जुनी रिंग आणि शाफ्ट दोन्ही घेऊन मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला जा. तिथल्या दुकानांत सुटी ओ-रिंग मिळते. नायट्राइल मागा. शॉकच्या तेलाचा आधार सिलिकॉन असतो आणि सिलिकॉन रबर त्यात फुगतं, मग शॉक आधी जाम होतो आणि नंतर गळतो. शॉकसोबत आलेला कंपनीचा रिंगांचा संच असेल तर तोच वापरा.

रिंग बसवताना शाफ्टच्या खालच्या आट्यांवर पातळ प्लास्टिकची पट्टी गुंडाळा आणि वर तेलाचा हात फिरवा. उघड्या आट्यांवरून सरकवलेली रिंग तिथेच कापली जाते, आणि ते नंतर कितीही बघितलं तरी दिसत नाही.

एक चूक मात्र दिसायला गळती, मुळात भरण्याची असते. ३ मिमी जाड शाफ्ट २८ मिमी आत गेला की ०.२ मिलीलीटर तेलाची जागा घेतो. काठोकाठ भरलेल्या शॉकमध्ये ती जागाच नसते, म्हणून शेवटचे काही मिलिमीटर शाफ्ट दगडासारखा थांबतो किंवा तेल रिंगेतून बाहेर ढकलतो. आत रबरी पिशवी नसलेल्या साध्या शॉकमध्ये थोडी हवा ठेवावीच लागते. तेल भरा, पिस्टन १०-१५ वेळा सावकाश वरखाली करा, बुडबुडे वर येईपर्यंत ५-१० मिनिटं उभा ठेवा, शाफ्ट पूर्ण आत ढकला, सांडेल ते सांडू द्या, आणि त्याच स्थितीत टोपी लावा. चारही शॉक झाले की स्प्रिंगशिवाय एका रांगेत आत ढकलून सोडा. सगळे सारख्याच लांबीपर्यंत परत आले पाहिजेत. एक वेगळा निघाला तर तोच पुन्हा उघडा.

तेल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलं आहे. फेकून द्या.

७. तेल आणि पिस्टन, सगळ्यात शेवटी

तेलाच्या जाडीचे 'वेट'चे आकडे कंपनीगणिक बदलतात, सीएसटी (सेंटीस्टोक्स, जाडीचं प्रमाणित माप) बघून घ्या. टीम असोसिएटेडच्या तेलात ३० वेट म्हणजे ३५० सीएसटी, ४० म्हणजे ५००. क्रॉलरला ३५० पासून सुरुवात ठीक. उतरताना गाडी चेंडूसारखी उसळत असेल तर जाड, कड्यावरून चाक खाली पडायला वेळ लावत असेल तर पातळ. मोटरसायकलच्या फोर्कचं तेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका. शॉकमधलं रबर कुठलं आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि खनिज तेलाची जाडी उन्हात सिलिकॉन तेलापेक्षा खूप जास्त बदलते.

पिस्टनची भोकं वाढवायची असतील तर हाताच्या पिन-व्हाइसने, एका वेळी ०.१ मिमी. १.२ चं १.३ केलं की भोकाचं क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढतं. मशीन ड्रिलने भोक वाकडं होतं आणि पिस्टन आत घासतो. आणि हो, डाव्या-उजव्या जोडीला एकच ड्रिल बिट.

८. नवे शॉक घ्यायचेच असतील

डोळ्यापासून डोळ्यापर्यंत, पूर्ण उघडलेल्या शॉकची लांबी मोजा. बाजारात ८०, ९०, १०० आणि ११० मिमी असे मिळतात. मूळ मापावर राहा. १० मिमी लांब शॉक म्हणजे उंच चॅसी, तिरका प्रोपेलर शाफ्ट आणि वर सांगितलेली खटखट. ओ-रिंगचा भाग खालून आट्यांनी उघडतो का, सुटे शाफ्ट आणि रिंगा मिळतात का, हे रंगापेक्षा महत्त्वाचं. ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत तो कितीही देखणा शॉक एका पावसाळ्यापुरताच.

इथे हात थांबवा

शाफ्ट खिडकीच्या काचेवर लोळवा. डुलला तर तो वाकला आहे. हातोडीने सरळ करू नका, बदला.

शॉकच्या ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचा स्क्रू मिठाने जाम झाला असेल तर त्याच्या डोक्यावर गरम सोल्डरिंग आयर्न अर्धा मिनिट टेकवा आणि एकदाच जोर लावून बघा. हेक्स गोल व्हायला लागला की थांबा. पुढचं काम लेथवाल्याचं. साकीनाक्याच्या गाळ्यांत असे टर्नर आहेत. तुम्ही स्वतः ड्रिल घातलंत तर शॉकसोबत टॉवरही जाईल. टोपीच्या आट्या झिजल्या असतील तर मात्र लेथवालाही नको, शॉकची बॉडीच बदला.

सगळं मोकळं, वजन बरोबर, स्प्रिंगा जोडीत, तरी गाडी वाकडीच? मग चॅसीचे रेल किंवा ॲक्सलचं हाउसिंग पिळलेलं आहे. ते सपाट प्लेटवर मोजणाऱ्या हॉबी दुरुस्तीवाल्याकडे द्या.

आणि गाडी खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडाली असेल तर शॉकचा विचार नंतर. आधी बॅटरी काढा. फुगलेली लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) चार्ज करू नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि रिसीव्हर गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, चालू करण्याआधी जाणकाराला दाखवा. वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी.